खिशातलं व्याकरण

वसईजवळच्या गास गावच्या ग्रेसी तुस्कानोचं नाक शेंड्याला जरा वर वळलेलं होतं. नालासोपाऱ्याच्या तंत्रनिकेतनातली पोरं म्हणत, देवानं ते मुद्दामच तसं घडवलंय, म्हणजे मिसला दिवसभर नाक मुरडायला फार मेहनत पडू नये. हे तिच्या कानावर आलं होतं. तिनं त्यावरही नाक मुरडलं.

ती प्रोग्रॅमिंग शिकवायची. माटुंग्याला शिकून आलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, म्हाताऱ्या बापाबरोबर गासच्या वाडीत राहणारी बाई. तिच्या वर्गात एखाद्याचा प्रोग्रॅम चालला तर तो सुटला असं नसे. "का चालला?" असा प्रश्न यायचा.

"मिस, चालतोय ना. बघा."

"चालते तर तुमच्या दारातली म्हैससुद्धा. हा का चालला ते सांग."

सांगता आलं नाही की वही परत. रागावणं कमी, तुच्छता जास्त. पोरांना रागावणं सोसतं, तुच्छता सोसत नाही, म्हणून पोरं अभ्यास करून यायची. तिच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे कुठेही अडली नाहीत, आणि त्यांपैकी बहुतेकांनी तिला कधी माफही केलं नाही.

ती शिकवायची सी. संगणकाला काम सांगायच्या अनेक भाषांपैकी एक. ही भाषा एका प्रयोगशाळेत जन्माला आली खरी, पण पुढे देशोदेशीच्या माणसांनी समिती करून, वर्षानुवर्षं एकमेकांशी वाद घालून तिचे नियम ठरवले आणि छापले. ते छापील नियम हातात घेऊन कुणीही ती भाषा संगणकाला समजावून देणारं यंत्र बनवावं, कुणीही त्यात लिहावं. ग्रेसीकडे त्या नियमांची, म्हणजे मानकाची, कुणाकडून तरी मागून आणलेली झेरॉक्स होती. कंटाळवाणी, क्लिष्ट, जागोजाग तडजोडींची ठिगळं. पण ती कुणाच्या बापाची नव्हती, आणि ग्रेसीच्या लेखी ही फार मोठी गोष्ट होती.

सत्त्याण्णव साली अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीनं तंत्रनिकेतनाला प्रयोगशाळा भेट दिली. एसी, नवे कोरे संगणक, दारावर पितळी पाटी. प्राचार्य प्रल्हाद राऊळ यांना फीत कापण्याची अनावर हौस. कात्री त्यांच्या टेबलाच्या खणातच असायची. त्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि मग अट वाचून दाखवण्यात आली: पहिल्या वर्षापासून कंपनीची 'रिव्हेरा' ही भाषा शिकवायची. सी ऐच्छिक.

कंपनीचा मुंबईचा माणूस होता कौस्तुभ मिराशी. तरुण, तुकतुकीत, टायवर बारीक होड्यांची नक्षी. त्यानं प्रत्येक शिक्षकाच्या हातात एकेक गुळगुळीत पुस्तक ठेवलं. ग्रेसीनं ते उलटं-सुलटं करून पाहिलं.

"ह्यात नियम कुठे आहेत?"

"मॅडम, हे मॅन्युअल आहे ना."

"हे वापरायचं पुस्तक झालं. मिक्सरबरोबर मिळतं तसं. भाषेचे नियम कुठे छापलेत?"

"नियम कंपनीकडे असतात, मॅडम."

"म्हणजे उद्या तुमच्या साहेबाला वाटलं, अधिक म्हणजे उणे, तर?"

सगळे हसले. मिराशीही हसला. "आमचे साहेब असं कशाला करतील?"

"करतील की नाही हे मी विचारलंच नाही. करता येतं का, एवढंच विचारलं."

राऊळ सरांनी घाईघाईनं समोसे मागवले. त्यांच्याकडे अवघड प्रश्नाला नेहमी तेवढंच उत्तर असायचं.

ग्रेसीनं रिव्हेरा शिकवली. पगार घेते तर शिकवणं भाग होतं. पण फळ्यावर लिहिताना ती खडू असा धरी, जणू मेलेल्या उंदराची शेपटी. पोरांना मात्र रिव्हेरा आवडली. चित्रावर चित्र ओढून ठेवलं की खिडकी तयार, बटण तयार. का चालतं हे विचारायची सोयच नव्हती, कारण आतलं कुणाला दिसतच नव्हतं.

त्या पोरांत अश्लेषा दळवी होती. रत्नागिरीकडचं कुटुंब, वडील मुंबईला सरकारी कचेरीत, नालासोपाऱ्याला दोन खोल्यांचा फ्लॅट. ग्रेसीच्या वर्गात "का चालला" याचं उत्तर स्वतःहून प्रोग्रॅमच्या खाली लिहून आणणारी ही एकटीच. ग्रेसीनं तिला कधी शाबासकी दिली नाही. फक्त तिची वही परत करताना ती नीट हातात द्यायची, टेबलावरून ढकलायची नाही. अश्लेषाला ते कळत होतं.

दोन वर्षांनी मिराशी पुन्हा आला, आणि ह्या वेळी त्याला सह्या हव्या होत्या.

झालं होतं असं, की मोठी गिऱ्हाइकं, बँका, सरकारी खाती कुरकुरायला लागली होती. एकाच कंपनीच्या मुठीतल्या भाषेत आपला कारभार अडकवायचा कसा? तेव्हा कंपनीनं युक्ती काढली. रिव्हेराचे नियम म्हणून एक जाडजूड मसुदा केला आणि युरोपातल्या एका मानक मंडळापुढे ठेवला. मंडळाचा शिक्का बसला की भाषा जगाची म्हणून मिरवता येईल. मंडळाला शिक्षणसंस्थांचा पाठिंबा दिसायला हवा होता, म्हणून पाठिंब्याची पत्रं कंपनीनंच टाइप करून आणली होती. मजकूर तयार, तळाला नाव तयार. फक्त सही.

"सही करायच्या आधी मसुदा वाचायला मिळेल?" ग्रेसीनं विचारलं.

मिराशीला हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारला होता. "मिळेल की. पण मोठा आहे हो."

"मला वाचता येतं."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर ती ओट्यावर मसुदा घेऊन बसली. शेजारी तिचे पपा विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होते. बऱ्याच वेळानं ग्रेसी मोठ्यानं हसली. पपा दचकले, कारण त्या घरात असं हसू वारंवार ऐकू येत नसे.

"काय गो पोरी, कशाला हसते?"

"पपा, समजा आपल्या वाडीची हद्द कागदावर लिहायचीय. आणि लिहिलंय काय, तर हद्द म्हणजे शेजारी आज जिथं उभा असेल तिथं."

पपांनी जुडी बाजूला ठेवली. "आन उद्या तो सरकला तं?"

"तर हद्द सरकली."

"मंग असल्या कागदावर सही कोन करनार?"

"आमचे प्राचार्य."

मसुद्यात खरोखर तसंच होतं. सोपं होतं ते पानोपानी समजावून सांगितलेलं. अवघड जागा आली की एकच वाक्य: ह्या क्रियेचा परिणाम कंपनीच्या चालू आवृत्तीत येतो तोच समजावा. एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला तर कोणती तारीख येईल? चालू आवृत्तीत येते ती. ऋण संख्येला भागलं तर बाकी किती? चालू आवृत्तीत उरते तेवढी. नियमाच्या जागी दुकानाचा पत्ता दिला होता.

सोमवारी तिनं राऊळ सरांच्या केबिनमध्ये मिराशीसमोर मसुदा ठेवला. खुणेच्या चिठ्ठ्यांनी तो साळिंदरासारखा झाला होता.

मिराशी अगदीच बावळट नव्हता. त्यानं वाचून यायचे कष्ट घेतले होते. "मॅडम, तुमच्या सीच्या मानकातसुद्धा ऋण भागाकार पक्का केलेला नाही. यंत्र बनवणाऱ्यावर सोडलाय."

"बरोबर," ग्रेसी म्हणाली. तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं, की चला, ह्याला एक ओळ तरी येते. "सोडलाय. पण पुढचं वाचलंत? ज्यानं यंत्र बनवलं त्यानं आपण काय करतो ते लिहून जाहीर केलंच पाहिजे, असं बजावलंय. आणि तिथं यंत्र बनवणारे पन्नास आहेत. तुमच्या मानकात बनवणारा एकच, आणि तो म्हणतो, मी करीन ते बरोबर. ह्याला मानक नाही म्हणत मिराशी, ह्याला संस्थान म्हणतात."

"मॅडम, जग ह्याच दिशेनं चाललंय."

"जग कुठेही जाऊ दे. तुम्ही कुठल्या दिशेला बघून हसता ते मला कळतंय."

राऊळ सरांनी तेवढ्यात सही करून टाकली. पेन त्यांचं नेहमी उघडंच असायचं.

ग्रेसीनं आपल्या हरकती स्वतःच्या नावानं, स्वतःच्या खर्चानं मानक मंडळाला पाठवल्या. तारखेचा मुद्दा पहिलाच होता. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं: सूचनेची नोंद घेतली, प्रचलित उत्पादनाशी सुसंगतता राखण्यासाठी बदल केलेला नाही. खाली समिती सदस्यांची नावं होती. तिनं ती वाचली. अध्यक्षापासून चिटणिसापर्यंत बहुतेक सगळे त्याच कंपनीचे नोकर, दोघे-तिघे कंपनीचा माल विकणारे. तिनं आजवर समित्यांविषयी काही आदर बाळगला होता. तो त्या दुपारी संपला. भाषा ठरवायला भांडणारी माणसं लागतात, आणि इथं तर सगळे एकाच पंगतीत बसून एकमेकांना वाढत होते.

मानक मंजूर झालं. तंत्रनिकेतनाच्या फाटकावर कापडी फलक लागला: 'आंतरराष्ट्रीय मानकप्राप्त भाषा इथे शिका.' राऊळ सरांनी प्रयोगशाळा ग्रेसीकडून काढून घेतली आणि तिला परीक्षांच्या बैठकव्यवस्थेवर नेमलं.

"तुमचा आवाज चांगला आहे, ग्रेसी मॅडम. हॉलमध्ये शोभेल," ते म्हणाले. त्यांना वाटलं, आपण मोठी सफाईनं शिक्षा दिली. ग्रेसीला वाटलं, एवढ्याशा डोक्यात एवढीच सफाई मावणार.

त्याच उन्हाळ्यात अश्लेषा पेढे घेऊन आली. तिनं कंपनीची रिव्हेरा प्रमाणपत्र परीक्षा दिली होती, वरच्या श्रेणीत आली होती, आणि कामणच्या एका औषधांच्या गोदामात तिला प्रोग्रॅमरची नोकरी लागली होती. ती स्टाफरूमच्या दारात उभी होती. नवीन ड्रेस, केसांत मोगरा.

"मिस, नोकरी लागली."

"नोकरी नाही," ग्रेसी म्हणाली. "गळ्यात पट्टा लागला. साखळी कुणाच्या हातात आहे ते बघून ठेव."

स्टाफरूममध्ये आणखी चारजण होते. अश्लेषानं पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. पेढे इतरांनी खाल्ले. ग्रेसीनं खाल्ले नाहीत, आणि तिला हाकही मारली नाही.

कामणला वसई-भिवंडी रस्त्याला लागून गोदामं आहेत. शत्रुघ्न भोईर यांच्या गोदामात औषधांच्या पेट्या यायच्या, तिथून ठाण्या-भिवंडीच्या दुकानांत जायच्या. कोणत्या पेटीची मुदत कधी संपते आणि कोणती पेटी बाहेर सोडायची, हे अश्लेषाचा प्रोग्रॅम ठरवायचा. तो तिनं रिव्हेरात लिहिला होता आणि तो दीड-दोन वर्षं बिनतक्रार चालला. मग कंपनीची सहावी आवृत्ती आली. भोईरांनी ती बसवून घेतली, कारण पाचवीची देखभाल बंद होणार, असं मिराशीनं सांगितलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अश्लेषा गासला आली. ग्रेसीच्या घरी ती कधी आली नव्हती. स्कूटर वाडीच्या तोंडाशी लावून, केळीतून चालत, चेहरा धुळीनं माखलेला. पपांनी तिला पाणी आणून दिलं आणि ते आत गेले.

"मिस, ऑगस्टच्या एकतीस तारखेला बनलेली पेटी होती. अठरा महिने मुदत. पाचवी आवृत्ती उत्तर द्यायची, अठ्ठावीस फेब्रुवारी. सहावी म्हणते, तीन मार्च. मुदत संपलेली पेटी एक तारखेला बाहेर गेली."

"कुणाला काही झालं?"

"नाही. भिवंडीच्या औषधवाल्यानं लेबल वाचलं आणि पेटी परत पाठवली. पण भोईर साहेब म्हणतात, मी चूक केली. पोलिसांत देईन म्हणतात."

"तू प्रोग्रॅमला हात लावलास?"

"एका अक्षरालासुद्धा नाही."

ग्रेसी उठली, आतून आपल्या हरकतींची प्रत घेऊन आली आणि पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवलं. अश्लेषानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि मान खाली घातली. ग्रेसीला तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच: "चल, कामणला जाऊ."

गोदामाच्या कचेरीत मिराशी आधीच येऊन बसला होता. त्याला बोलावलं होतं भोईरांनी. तो आता थोडा जाड झाला होता, टाय वेगळा होता. त्यानं ग्रेसीला ओळखलं आणि खुर्चीतून अर्धा उठला.

ग्रेसीनं भोईरांना सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत. प्रोग्रॅम तोच आहे. भाषेनं आपल्या शब्दाचा अर्थ बदलला आहे.

भोईर मिराशीकडे वळले. "खरं का हो?"

"साहेब, सहावी आवृत्ती आंतरराष्ट्रीय मानकाशी शंभर टक्के सुसंगत आहे," मिराशी म्हणाला. "मानक सांगतं, तारखेचा परिणाम चालू आवृत्तीप्रमाणे. चालू आवृत्ती सहावी. त्यामुळे तीन मार्च हेच बरोबर उत्तर आहे."

"आणि गेल्या वर्षी?" ग्रेसीनं विचारलं.

"गेल्या वर्षी अठ्ठावीस फेब्रुवारी बरोबर होतं."

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ग्रेसी त्याच्याकडे बघत राहिली. खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे निदान इकडेतिकडे होतात. हा खोटंही बोलत नव्हता. मानकाप्रमाणे तो अक्षरशः खरा होता. कंपनीच्या हातून चूक होऊच शकणार नाही अशी सोय त्या कागदात आधीच करून ठेवली होती, आणि त्यावर राऊळ सरांसारख्या शेकडो माणसांच्या सह्या होत्या.

"तुम्हाला लाज कशी ती वाटत नाही?" ती म्हणाली.

"मॅडम, ह्यात वैयक्तिक काही नाही."

"तेच तर. वैयक्तिक असतं तर तुम्हाला निदान शिवी देता आली असती. तुम्ही माणूस म्हणून इथं आलेलाच नाही. नुसता टाय आलाय."

भोईर कंटाळले होते. "बाई, मला हे व्याकरण नको. ह्यांच्याकडे शिक्क्याचा कागद आहे. तुमच्याकडे काय आहे?" मिराशीनं तारखांची सुरक्षा तपासणी नावाची एक नवी सेवा पुढे केली, अर्थात विकत. भोईरांनी ती घेतली. ज्यानं घर पेटवलं त्याच्याकडूनच पाण्याची बादली विकत घ्यावी, तसं. पोलिसांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, पण अश्लेषाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

बाहेर रस्त्यावरून कंटेनर धडधडत जात होते. अश्लेषा स्कूटरला किल्ली लावून तशीच उभी राहिली.

"मिस, तुम्हाला आनंद झाला असेल."

ग्रेसीनं लगेच नाही म्हटलं नाही. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. "झाला," ती म्हणाली. "तू अंगणात प्रोग्रॅमची तारीख सांगितलीस तेव्हा, पळभर. माझं खरं ठरलं म्हणून. घाणेरडी गोष्ट आहे, पण झाला."

अश्लेषा एकाएकी हसायला लागली. हसता हसता रडली. ग्रेसीला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळलं नव्हतं. ती कंटेनर बघत उभी राहिली.

"सी विसरलीस का?" तिनं विचारलं.

"तुम्ही शिकवलेलं कसं विसरणार? शिव्यांसकट पाठ आहे."

"शनिवारी घरी ये."

अश्लेषा दर शनिवारी येऊ लागली. वर्षाच्या आत तिला अंधेरीला यंत्रांचे नियंत्रक बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. तिथं सगळं सीमध्ये लिहायचे. ह्या वेळी तिनं पेढे आणले नाहीत, फोन करून सांगितलं. ग्रेसी म्हणाली, "बरं." तिच्या तोंडून ह्याहून मोठी शाबासकी अश्लेषानं कधी ऐकली नव्हती.

आणखी वर्षभरानं कंपनीनं रिव्हेरा बंद केली. एका ओळीची घोषणा. आता तिच्या जागी 'साफिरा' येणार होती, आणि जुने प्रोग्रॅम तिच्यात चालणार नव्हते. मानक सांभाळणारी समिती कंपनीच्याच नोकरांची, ते नोकर साफिराच्या कामाला लागले, आणि मानक मागं घेतलं गेलं. आंतरराष्ट्रीय म्हणवणारी वस्तू एका खात्याच्या बदल्यांनी मेली. तिच्यावर पदविका घेतलेली पोरं वसईपासून विरारपर्यंत हातात प्रमाणपत्रं घेऊन नोकऱ्या शोधत होती.

तंत्रनिकेतनात पुन्हा फीत लागली. राऊळ सरांनी ग्रेसीला सूत्रसंचालन करायला सांगितलं, आवाज चांगला म्हणून. ती माईकपुढे उभी राहिली. समोर पहिल्या वर्षाची पोरं, तेल लावून चापून बसवलेल्या केसांची, मागं बसलेले त्यांचे आईबाप.

"आजचे प्रमुख पाहुणे श्री. कौस्तुभ मिराशी," ती म्हणाली. "ह्यांनी सात वर्षांपूर्वी ह्याच जागी एक भाषा आणली होती. ती आता ह्यांच्या कंपनीलाही कळत नाही. आज ते दुसरी आणतायत. पालकांनी आपापल्या मुलांसाठी एवढंच विचारावं, की हिचे नियम कुणाच्या खिशात आहेत."

मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि आपण एकटेच वाजवतोय हे लक्षात येऊन थांबलं. राऊळ सरांनी माईक घेतला. पालकांनी काही विचारलं नाही. एसी छान थंड होता, संगणक नवे होते, नाश्ता होता.

ग्रेसीनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. चर्चच्या फादरांनी पॅरिश हॉलची मागची खोली सकाळच्या वेळी वापरायला दिली, आणि तिथं तिनं वर्ग सुरू केला. जुने, दुसऱ्यांनी टाकलेले संगणक. पोरं फार नव्हती. गासची काही, निर्मळची काही, एक अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली. राऊळ सरांच्या संस्थेत प्रवेशासाठी रांग लागत होती हे तिला माहीत होतं. त्या रांगेबद्दल तिचं जे मत होतं ते तिनं कुणापासून लपवलं नाही.

एकदा वर्ग चालू असताना मिराशीचा फोन आला. साफिराचा मसुदा आता मानक मंडळापुढे जाणार होता. मागच्या वेळी समितीत सगळे आतलेच होते अशी टीका झाली होती, म्हणून ह्या वेळी कंपनीला काही स्वतंत्र तज्ज्ञ हवे होते. टीका करणारे असले तर उत्तमच. बैठकी युरोपात, विमानाचं तिकीट कंपनी काढेल.

"मसुदा बदलायचा अधिकार असेल?" ग्रेसीनं विचारलं.

"मत मांडायचा नक्की असेल, मॅडम."

"आणि माझं नाव छापणार?"

"ठळक."

"मिराशी," ती म्हणाली, "तुमच्याकडे नावांची टंचाई कधी होती? राऊळना विचारा. त्यांचं पेन उघडंच असतं."

मिराशीनं पुढे कुणाला तरी शोधलं. पुण्याचे कुणी प्राध्यापक, बोलायला स्वतंत्र, सहीला तत्पर. यादीत त्यांचं नाव ठळक छापलं गेलं. ग्रेसीनं फोन ठेवला तेव्हा कोळीवाड्यातली ती मुलगी, ग्लोरिया, फळ्यापुढे खडू घेऊन उभी होती आणि तिला पुढची ओळ सुचत नव्हती.

"सुचत नाही तर बस खाली," ग्रेसी म्हणाली. "आणि नियम वाच. तो समोर ठेवलाय, कुणी लपवला नाही."